आडव्या वाऱ्यातला जावई

माझ्या सासरवाडीत मला एकच काम आहे, आणि ते म्हणजे बसणं. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली, पण अजूनही मी अंगणात पाऊल टाकलं की सासरे म्हणतात, “या जावाईबापू, बसा.” मग कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणतं, कुणीतरी पंख्याचं तोंड माझ्याकडं वळवतं आणि जेवायची हाक येईपर्यंत मी बसतो. माझे साडू पोलिसात आहेत. ते आले की सासरे त्यांना उसाकडं घेऊन जातात, विहिरीवरची मोटर दाखवतात, ट्रॉली चिखलात रुतली तर ढकलायला बोलावतात. अशा वेळी मीही उठतो. मी उठलो की सासऱ्यांचा हात आडवा येतो, “तुमी कशाला? तुमी बसा.” बघणाऱ्याला वाटतं, काय थाट आहे जावयाचा! थाट कसला डोंबलाचा. त्यांच्या लेखी मी कुठल्याच कामाचा नाही, आणि हे ते मला खुर्ची देऊन सांगतात.

सासरे तरुणपणी पैलवान होते. पंच्याहत्तरी उलटली तरी मान अजून ओंडक्यासारखी आहे. मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझे दंड बघितले, छाती बघितली, मनगटं बघितली आणि मध्यस्थाला एवढंच विचारलं, “नोकरी कायमची हाय न्हवं?” कायमची आहे म्हटल्यावर लग्न ठरलं. तेव्हापासून माझी नोकरी आणि त्यांचं माझ्याबद्दलचं मत, दोन्ही कायम आहेत.

मागल्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मी चाललो. पण सोलापुरात आमच्या भवानी पेठेत पहाटे चालणं म्हणजे दर दहा पावलांवर “काय साहेब, चालायला का?” या प्रश्नाला “हो, चालायला” असं उत्तर देणं. साखर कमी होईना, ओळखी मात्र वाढल्या. त्याच सुमारास ऑफिसातल्या एका मित्राचा मुलगा जर्मनीला गेला आणि त्याची रोड बाईक गॅलरीत अडकून पडली. “घेऊन जा बाबा,” मित्र म्हणाला, “आमची ही तिच्यावर ओली फडकी वाळत घालायला लागलीय.” अशी ती माझ्या गळ्यात पडली.

रोड बाईक ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बोटं रुंदीची चाकं, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, आणि सीट म्हणाल तर निव्वळ नावाला. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. बायकोनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “अहो, अर्धीच दिली की हो त्यांनी.”

आमच्या गल्लीच्या टोकाला एकांचा टॉवेलचा कारखाना आहे. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि कारागिरांशी दोन्ही, असा गोड माणूस. ते दर रविवारी सायकलवाल्यांच्या एका ग्रुपबरोबर जायचे. माझी सायकल दिसल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. ग्रुपमध्ये डझनभर माणसं, आणि म्होरक्या एक हाडांचे डॉक्टर. हाडांच्या डॉक्टरनं लोकांना एवढ्या बारीक चाकांवर बसवावं, यात मला धंद्याचा वास आला.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी सोलापूर ते मोहोळ आणि परत, असं ठरलं. मोहोळच्या थोडं अलीकडं, हायवेला लागूनच, माझ्या सासरवाडीचा फाटा आहे. झालं, मी मनातल्या मनात मांडे खायला लागलो. डझनभर सायकलींची रांग सुसाट निघाली आहे, सासरे फाट्यावरच्या टपरीत चहा पीत बसले आहेत, मी त्यांना नुसता एक हात वर करतो आणि पुढं निघून जातो. न बसता. एवढंच हवं होतं मला. वीस वर्षांत एकदा त्या माणसानं मला काहीतरी करताना बघावं.

पण माझी जीभ. मी हे बायकोला सांगितलं. तिला माहेरी फोन करायला कारण लागत नाही. इथं तर कारणच मिळालं. तिच्या वडिलांना, म्हणजे तिच्या आण्णांना, तिनं सगळं सविस्तर सांगितलं. मग आण्णा म्हणाले, “सोलापुरास्नं? सायकलीवर? जावाईबापू?” तिन्ही प्रश्नांना हो आल्यावर म्हणाले, “बरं बरं. बगतो मी काय करायचं त्ये.”

आमच्याकडं सत्कार हा रोग आहे. पोरगं दहावी झालं, सत्कार. ग्रामपंचायतीला निवडून आला, सत्कार. पडला तर ‘झुंज दिली’ म्हणून सत्कार. ट्रॅक्टर घेतला तर माणसाचा सत्कार होतोच, वर ट्रॅक्टरलाही हार पडतो. तेव्हा आण्णा काय करणार, हे मला आधीच कळायला हवं होतं. कळलं शनिवारी संध्याकाळी. मेहुण्यानं बायकोला मोबाईलवर एक फोटो पाठवला. फाट्यावर दोन बांबूंवर ताणलेला फ्लेक्स. ‘सायकलवीर जावईबापूंचे आमच्या गावात सहर्ष स्वागत!’ मधोमध माझा फोटो. तो लग्नातला कापून घेतला होता, आणि कापणाऱ्यानं घाई केल्यामुळं उजव्या कानावर मुंडावळीचा एक तुकडा तसाच लोंबत होता. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात गॉगल लावून मोबाईलवर बोलणारा मेहुणा माझ्यापेक्षा मोठा होता.

आता हात वर करून निघून जाणं गेलं. आता तिथं पोचायलाच पाहिजे, आणि तेही ग्रुपबरोबर, सायकलीवर बसून, गावासमोर. डॉक्टरांना फोन करून मी म्हणालो, “फाट्यावर दोन मिनिटं थांबावं लागेल, घरचे लोक आहेत.” डॉक्टर म्हणाले, “दोन म्हणजे दोन हं. वेगाचं ॲव्हरेज पडतं.”

त्यात कपड्यांचं प्रकरण निघालं. सायकलवाल्यांची ती काळी, अंगाला चिकटलेली, गुडघ्याच्या वरची चड्डी मी मोठ्या हौसेनं आणली होती. बायकोनं ती दोन बोटांत धरून उजेडात बघितली.

“हे घालून तुम्ही माझ्या आण्णांपुढं उभे राहणार?”

“अगं, तिला मागनं गादी असते. सीट टोचत नाही.”

“गादी सगळ्या गावाला दिसंल की!”

शेवटी तडजोड झाली. आत चड्डी, वरून माझी जुनी निळी ट्रॅक पँट, आणि पँट साखळीत जाऊ नये म्हणून उजव्या घोट्याला तिचं केसांचं रबर. सायकलवीर तयार झाला.

पहाटे चौकातल्या पुतळ्यापाशी सगळे जमले. आमच्या खास बुटांच्या तळाला एक खुंटी असते, ती पेडलमध्ये खट्कन बसते. बसते छान. काढायला मात्र टाच बाहेर झटकावी लागते, आणि थांबायच्या आधी झटकावी लागते. मी थांबलो, मग विचार केला, मग झटकणार होतो. तेवढ्यात सायकलीसकट चहाच्या गाड्यासमोर आडवा झालो. चहावाला गाळणी हातात धरून वाकला आणि म्हणाला, “साहेब, पाय टेकायचा की!” डॉक्टरांनी सवयीनं माझं मनगट दाबून बघितलं आणि निराश झाल्यासारखे बाजूला झाले.

ग्रुपचा एक नियम असतो. पुढच्यानं खड्डा दिसला की “खड्डा!” असं ओरडायचं, मागच्यानं त्याच्या मागच्यासाठी ओरडायचं, असं करत ती हाक शेपटापर्यंत न्यायची. बाहेरगावी ठीक आहे. शहरातून निघाल्यावर वेशीवरच्या बाळे गावापर्यंत आमच्या तोंडून दुसरा शब्दच निघेना. एका घराचं दार उघडून एक आजी बाहेर आल्या. त्यांना वाटलं, पहाटे-पहाटे कसली तरी आरोळी ठोकत माणसं चाललीत. शेवटी टॉवेलवाले मागून ओरडले, “डॉक्टर, रस्ता आला की सांगा! बाकी आम्ही समजून घेतो!”

हायवे लागला तसा रस्ता आला, आणि रस्त्याबरोबर वारा आला. श्रावणात आमच्याकडं ढग येतात, पण ते पाऊस द्यायला नव्हे, तोंड दाखवायला. खरा मुक्काम वाऱ्याचा. तो पश्चिमेकडून येतो आणि थेट छातीवर बसतो. मोहोळ नेमकं त्याच दिशेला. डॉक्टर म्हणाले, “पुढच्याच्या चाकामागं चाक लावून राहा. वारा तो खाईल, तुम्हाला लागणार नाही.” कल्पना सुंदर होती. पण पुढच्याच्या चाकाला वीतभर अंतरावरून चिकटायचं म्हणजे तो शिंकला तरी आपण गेलो. मी भीतीनं चार हात मागं राहायचो, त्या चार हातांत सगळा वारा शिरायचा आणि तो एकटा मी खायचो. त्यात माझी ट्रॅक पँट. दोन्ही पायांत हवा भरून ती अशी फुगली, की मागचे टॉवेलवाले म्हणाले, “साहेब, तुमच्या मागं मला वारं लागंनाच की!” ग्रुपला माझा असा पहिला उपयोग झाला.

सीना नदीच्या पुलापर्यंत माझ्या नाकी नऊ आले. ग्रुपमध्ये कुणालाही मागं सोडायचं नाही असा नियम, त्यामुळं माझ्यासाठी सगळे हळू चालवत होते. पुलापलीकडं सगळे पाणी प्यायला थांबले, तेव्हा डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं. मग हसून म्हणाले, “सावकाश हं, घाई नाही.” त्या हसण्यानं माझं टाळकं सटकलं. माझा स्वभावच तसा आहे. शिवी दिलेली मला चालते, सांभाळून घेतलेलं चालत नाही. मी म्हणालो, “तुम्ही व्हा पुढं. हा माझ्या सासरवाडीचा रस्ता आहे, दगडन् दगड ओळखीचा. मागून येतोच.”

“नक्को साहेब,” टॉवेलवाले म्हणाले, “वारं लई हाय. मी थांबतो की तुमच्यासंगं.”

“अहो, जा म्हणतो ना!”

गेले बिचारे. बघता बघता त्यांची रांग लहान होत दिसेनाशी झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते हेच. ओळखीचे दगड तसेच होते, पण त्यातल्या एकानंही मला ढकललं नाही.

पुढचा रस्ता मी कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो, की एका जुन्या मोपेडवरून एक म्हातारा-म्हातारी मला मागं टाकून गेले. म्हातारी मागं बसली होती. ती मान वळवून माझ्याकडं बघत राहिली, आणि मोपेड दिसेनाशी होईपर्यंत तिनं मान काही पुढं केली नाही. नंतर उजव्या पायात गोळा आला. मी या वेळी वेळेवर टाच झटकली, खाली उतरलो, ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्याला सायकल टेकवली, बूट काढले आणि कठड्यावर बसलो. मोबाईल बघितला. घरून बायकोचा निरोप आला होता; तिला माहेरून फोनवर सगळी खबर लागत होती. ‘सगळे पोचले. हलगी वाजायली. तुम्ही कुठाय? आण्णा विचारतायत.’

मी मोबाईल खिशात टाकला. काय लिहिणार, बसलोय म्हणून?

मनात नाही नाही ते यायला लागलं. सायकल उसात टाकावी आणि सोलापूरची एसटी धरावी. पाय मोडल्याचं सांगावं. डॉक्टर हाडांचेच आहेत, सांभाळून घेतील. फाट्यावर फ्लेक्सवरचा मुंडावळीवाला मी आणि कठड्यावरचा हा मी, दोघांनाही जोड्यानं मारावं असं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वाईट याचं वाटत होतं, की आण्णांचं वीस वर्षांचं म्हणणं बरोबर ठरलं.

तेवढ्यात हायवेच्या कडेनं उलट्या बाजूनं एक मोटारसायकल आली. मेहुणा चालवत होता. मागं आण्णा, कडक धोतर, नवा फेटा, खांद्यावर उपरणं. कार्यक्रमाचे अध्यक्ष कार्यक्रम सोडून आले होते. गाडी थांबली. आण्णा उतरले. त्यांनी माझ्या उघड्या पायांकडं बघितलं, बाजूला पडलेल्या बुटांकडं बघितलं, घोट्यावरच्या आपल्या लेकीच्या रबराकडं बघितलं. मी धडपडत उभा राहिलो.

“वारं लई हाय,” आण्णा म्हणाले.

“हो ना,” मी म्हणालो.

मेहुणा म्हणाला, “दाजी, तुमी बसा गाडीवर आण्णांच्या मागं. सायकल मी आनतो चालवत.”

आता आण्णा तो शब्द म्हणणार, म्हणून मी खाली मान घालून थांबलो. आण्णांनी फाट्याच्या दिशेनं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला बघायला आले होते तेव्हासारखं, वरून खालपर्यंत, पण या वेळी जरा जास्त वेळ.

“गाव हुबं हाय तितं,” ते म्हणाले. “बूट घाला. चढा सायकलीवर.”

मी चढलो. गोळा अजून होताच. मेहुण्याला युक्ती सुचली. कुणाची गाडी बंद पडली की मागचा मोटारसायकलवाला तिला एक पाय लावून गॅरेजपर्यंत ढकलत नेतो, हे सगळीकडंच चालतं. तो म्हणाला, “मी मागनं पाय लावतो की. फाट्यापत्तर सोडतो.”

आण्णा कडाडले, “जावयाला पाय लावतो व्हय रं, मुडद्या?”

“जावयाला न्हाय आण्णा, सायकलीला.”

“आन सायकलीवर कोन बसलंय?”

ज्या घरात दिवाळीला जावयाचे पाय धुतात, त्या घरातला पाय जावयाच्या सायकलीला लागणं शक्य नव्हतं. मग आण्णाच मोटारसायकलवर मागं बसले, मेहुण्याला म्हणाले, “सावकाश घे, त्येंच्या अंगाला धरून.” आणि गाडी माझ्या शेजारी आली तसा त्यांनी डावा हात लांब करून माझ्या पाठीवर ठेवला.

त्या हाताच्या धन्याच्या मी वीस वर्षं पाया पडत आलो होतो. तो हात माझ्या पाठीवर आजवर कधी पडला नव्हता. जावयाच्या पाठीवर कोण हात ठेवतं? रुंद, खरखरीत, गरम हात. त्यानं मला ढकललं आणि वारा एकदम कमी झाला. सायकल आपसूक चालायला लागली. मी पाय नुसते फिरवत होतो. लहानपणी वडिलांनी सायकल शिकवताना सोडून दिल्यावर जसं वाटलं होतं, त्याच्या बरोबर उलटं वाटत होतं. चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या माणसाला हे वाटू नये, पण वाटत होतं आणि फार बरं वाटत होतं.

थोड्या वेळानं आण्णा म्हणाले, “ह्येला घंटी न्हाय?”

“नाही आण्णा.”

“मानूस म्होरं आला तर?”

“ओरडायचं.”

“आन थांबतंय कसं?”

“ब्रेक आहेत.”

“मग बरं हाय.”

आमच्या दोघांतलं ते आजवरचं सगळ्यात लांब बोलणं. मेहुण्याला हसू आवरत नव्हतं. गाडी त्यामुळं हलत होती आणि आण्णा त्याच्या पाठीत कोपर मारत होते. वळण आलं. वळणापलीकडं फाटा. आण्णांनी हात काढला.

“आता फुडं गावाला दिसंल,” ते म्हणाले. “तुमी व्हा म्होरं. आमी मागनं येतो, दमानं.” मग मेहुण्याला, “आन तू गावात तोंड उघडलंस तर बग.”

शेवटचा तुकडा मी एकट्यानं मारला. कसा मारला कुणास ठाऊक. वारा तोच होता, गोळा तोच होता. हलगीवाल्यांनी मला लांबून बघितलं आणि अशी कडकडाटी सुरू केली, की रस्त्याकडेचं एक रेडकू दावं तोडून पळालं. मी फ्लेक्सखाली पोचलो, टाच झटकली, पाय टेकला आणि पडलो नाही. गावासमोर माझ्याकडून बिनचूक झालेलं हे पहिलं काम होतं.

आणि मग मी ग्रुप बघितला. गावानं त्यांना दोन मिनिटांवर सोडलं नव्हतं. जावई आल्याशिवाय सत्कार नाही, आणि सत्कार झाल्याशिवाय कुणी जायचं नाही. तोवर पोहे झाले, चहा झाला, आणखी एकदा चहा झाला. आमच्याकडं पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर करतात; तो सगळ्यांना झाला होता. आयाबाया समोर बसलेल्या बघून बाराच्या बारा जणांनी आपापले टॉवेल कमरेला गुंडाळले होते आणि हेल्मेट काढून डोक्यावर पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या. नदीवर अंघोळ करून आल्यासारखी ती रांग मंडपात सतरंजीवर बसली होती. डॉक्टर घड्याळाकडं बघतही नव्हते. ॲव्हरेज केव्हाच मातीत गेलं होतं. टॉवेलवाले मात्र कमरेचा टॉवेल उलटून कोपऱ्यावरची चिठ्ठी वाचत होते. मला बघून आनंदानं ओरडले, “साहेब, हा माल आमचाच की!”

मला मंडपातली मानाची खुर्ची दिली. मी बसलो आणि विंचू चावल्यासारखा उठलो. ती गादी चड्डीत असते हे खरं, पण काही अंतरानंतर तिचा आणि माणसाचा संबंध राहत नाही. मेहुणा पुन्हा बसवायला लागला तशी आण्णांनी त्याचा हात धरला, “ऱ्हाऊ दे. हुबं ऱ्हाऊ दे त्येस्नी.” मग शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला. आणि आण्णांनी माईक हातात घेतला.

आण्णा बोलायचे नाहीत. कुणाच्या लग्नातही बोलत नाहीत. माईक तोंडाला चिकटवून ते बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले, तो सगळ्या फाट्याला ऐकू गेला. मग म्हणाले, “जावाईबापू मागं पडलं न्हाईत. वारं आडवं आलं.” एवढंच. माईक परत दिला. गावानं टाळ्या वाजवल्या. मेहुणा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत खाली बघत होता, आणि मी फेटा सावरायच्या निमित्तानं तोंड झाकून घेतलं.

मोहोळ रद्द झालं. डॉक्टर म्हणाले, आता ऊन चढलंय, इथूनच फिरू. परतीला तोच वारा मागून होता. मला आयुष्यात पहिल्यांदा डझनभर माणसांबरोबर राहता आलं, टोपी-टॉवेलसकट. टॉवेलवाल्यांनी बाळ्यापर्यंत आपल्या मालाचा पोत, वजन आणि धुलाई समजावून सांगितली. शहरात शिरल्यावर “खड्डा!” ओरडायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं, आणि सगळे खड्डे आम्ही मुकाट्यानं घेतले.

घरी आलो, जेवलो आणि पालथा पडलो, कारण दुसरं कसंही पडता येत नव्हतं. बायको स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. तिनं माहेरी फोन लावला आणि हात ओले म्हणून स्पीकर सुरू करून मोबाईल ओट्यावर ठेवला. आमचं घर काही मोठं नाही.

“आण्णा, खरं सांगा,” ती म्हणाली. माझ्याबरोबर वीस वर्षं संसार केलेली बाई ती. “हे चालवत आले का तुम्ही आणलं त्यांना?”

पलीकडं मेहुणा खिदळल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

“चालवत आलं की,” आण्णा म्हणाले. “वाटंत पाय सुदिक टेकला न्हाय.”

“मग एवढा उशीर?”

“वारं लई हुतं गं,” आण्णा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पोरगं लई दमलंय. झोपलं आसंल तर उठवू नगंस.”

बायकोनं नळ बंद केला आणि दारातून आत डोकावून बघितलं. मी डोळे गच्च मिटून घेतले.